निळा ठिपका

शिपाईमामांच्या धाकटीचं लग्न झालं, त्याच वर्षी मी शाळेत आलो. मामा लग्नाच्या गडबडीत, म्हणून माझं खोकं आठवडाभर तसंच पडून होतं. मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीगोल आहे. पुठ्ठ्याचा, वरून रंगीत कागद, खाली लाकडी पाय.

भूगोलाच्या बाईंनी मला बाहेर काढलं. "या रे, सगळं जग भेटायला आलंय!" पोरं तुटून पडली. पण प्रत्येकाचं बोट एकाच जागी. "हा बघ आपला देश!" वर्षानुवर्षं बोटं तिथंच टेकली. बाकीचे देश कोरे करकरीत राहिले. अंगावर सगळं जग वागवायचं आणि चौकशी मात्र बोटभर जागेची. मला फार एकटं वाटायचं.

पुढे एक मुलगी वर्गात आली. तिच्या देशात लढाई पेटली होती, म्हणून आई तिला घेऊन इकडं आली होती. आपली भाषा तिला मोडकीतोडकी येई. मुलं तिला 'नवी' म्हणत. एकदा मधल्या सुट्टीत वर्गातल्या गोट्यानं मला तिच्यापुढं आणून आदळलं.

"दाखव तुझा देश."

तिनं शोधला. सापडेना. मला छापलं तेव्हा तो देश वेगळा झालेलाच नव्हता. मला ठाऊक होतं, पण मला तोंड कुठं?

"खोटारडी! नुसत्या थापा मारते."

तिनं दप्तर आवरलं. दारातून सगळं ऐकलेल्या बाई आत आल्या तशी म्हणाली, "बाई, मी उद्या नाही येणार. कधीच नाही."

बाई रागावल्या नाहीत. मला टेबलावर ठेवून म्हणाल्या, "गोट्या, आपला देश दाखव बरं."

गोट्यानं ऐटीत बोट ठेवलं आणि उचललं. खाली नुसता पांढरा पुठ्ठा. बोटांनी झिजून नाव, नद्या, सीमा सगळं गेलं होतं.

"नाहीच की रे कुठं. मग तूही खोटारडा का?"

गोट्या कान खाजवत म्हणाला, "बाई, मी हा काय, तुमच्यासमोर उभा आहे."

"तीही उभीच आहे."

गोट्यानं खिशातलं निळं पेन नवीपुढं धरलं. "काढ तुझा देश. पण समुद्रात नको काढूस."

नवी पहिल्यांदाच हसली. तिनं एक ठिपका काढला. दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी शाळेत हजर होती.

दोन वर्षांनी ती आईबरोबर आणखी लांब गेली. मग वर्गात मोठा पडदा आला आणि मी कपाटावर चढलो. बाई निवृत्त झाल्यावरही अधूनमधून येत. स्टुलावर चढून मला पुसत, ठिपका शाबूत आहे ना ते बघत. आता कुणी येत नाही.

मित्रांनो, मला खाली काढलंत तर कोरड्या फडक्यानं पुसा. ओल्यानं तो ठिपका जाईल. आणि आपला देश शोधून झाला, की मला एकदा तरी पूर्ण फिरवा.

गेल्या हिवाळ्यात बाई वारल्या. त्या दिवशी त्यांच्यासाठी शाळेला सुट्टी होती.