तिसऱ्या मजल्यावर जाणारं लिंबू

काचेच्या कारखान्यात मी बावीस वर्षं पॅकिंगला होते. माझ्या हातचा खोका उघडल्यावर आत फुटका पेला निघाला, अशी तक्रार एकदाही आली नाही. त्यामुळे माझा मुलगा मला बशा बांधायला शिकवायला लागला, तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली.

"आडव्या नको रचूस," मी म्हटलं. "उभ्या लाव. आडव्या रचल्या की सगळा भार खालच्या बशीवर येतो."

"आई, सहाच तर बशा आहेत."

"सहा आहेत म्हणून काय फोडायच्यात?"

घरमालकानं घर विकलं होतं, निघणं भागच होतं. मुलाचं म्हणणं, माझ्याकडे ये. सूनही दोनदा येऊन सांगून गेली. सून गुणाची आहे, उगाच खोटं कशाला बोलू. पण त्यांच्याकडे चार दिवस राहिले की चहासुद्धा विचारून करावासा वाटतो मला. म्हणून मी शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. तिसरा मजला, बाल्कनीत दुपारपर्यंत ऊन. एकोणसत्तराव्या वर्षी पहिल्यांदा भाड्याच्या कागदावर माझी एकटीची सही झाली. मुलगा म्हणाला, "लोक काय म्हणतील?" म्हटलं, "त्यांना म्हणावं, तीन मजले चढून या आणि तोंडावर बोला."

खरं काम झाडांचं होतं. अकरा कुंड्या आणि पत्र्याच्या मोठ्या डब्यातलं लिंबू. हलवायच्या आधी तीन दिवस पाणी बंद करायचं, म्हणजे माती धरून राहते आणि कुंडीही हलकी होते. लिंबाच्या फांद्या मी जुन्या चादरीत सैलसर गुंडाळल्या, मातीवर कागद दाबून बसवला, वरून दोरी फिरवली. आणि निघायच्या दिवशी सकाळी बघते तर काय, चिरंजीवांनी नळी लावून सगळ्यांना भरभरून पाणी पाजलेलं.

"वाटेत तहान लागेल त्यांना, म्हणून," तो म्हणाला.

आता काय बोलणार, कपाळ? कागदाचा लगदा झाला होता आणि मातीचा चिखल. एकेक कुंडी कलती करून पाणी निथळवण्यात दीड तास गेला. त्यालाच राबवलं. चिखलात हात घालून तो पुटपुटला, "काळजीपोटी केलं गं."

"काळजीनंच जास्त झाडं मरतात," मी म्हटलं.

टेंपो भरला. मी मागे लिंबाजवळ बसले, डबा दोन्ही हातांनी धरून. मुलगा पुढे ड्रायव्हरशेजारी. अर्ध्या तासानं गाडी थांबली. ताडपत्री बाजूला करून बघते, तर समोर मुलाचंच घर. दारात सून, आणि तिच्यामागे उघड्या खोलीत पलंगावर नवीकोरी चादर.

मुलानं मागची फळी पाडली. "उतर, आई. तिकडचं नंतर बघू."

"ड्रायव्हरला कधी सांगितलंस?"

"कालच."

म्हणजे माझ्या पाठीमागे सगळं शिजलं होतं. रडू यायला हवं होतं खरं तर, पण आला तो राग, आणि बरं झालं तोच आला. म्हटलं, "मी उतरत नाही."

"आई, शेजारी बघतायत."

"बघू देत. खोक्याला कुणी विचारत नाही, तुला कुठं उतरायचंय म्हणून. मला विचारायला हवं होतंस."

त्याची मान खाली गेली. सून जवळ आली, माझ्या पावलावर हात ठेवून हळूच म्हणाली, "अहो आई, तिथं तुम्ही एकट्या. काही झालं म्हणजे?"

तिच्या डोळ्यांत खरीखुरी भीती होती, म्हणून आवाज चढवला नाही. "काही व्हायचं असेल तर इथंही होईल, बाळा. तिथं झालं तर माझ्या घरात होईल."

ड्रायव्हर खाली उतरून टायर बघत राहिला. मी डबा सोडला नाही. मुलानं पाडलेली फळी उचलून पुन्हा लावली. मग माझ्याकडे न बघताच बायकोला म्हणाला, "दाराला कुलूप घाल आणि तूही चल. तिसरा मजला आहे, आणि ते लिंबू भिजून जड झालंय."