ब्रेलच्या खोलीतलं वायरलेस कार्ड

शुक्रवारी दुपारी नागसेन रामटेके अंधशाळेच्या पायऱ्या चढला तेव्हा त्याच्या मनात एवढंच होतं, की तासाभरात आटपायचं आणि घरी जाऊन पडायचं. चौपन्न वर्षांचा माणूस. सदर भागात त्याचं संगणक-दुरुस्तीचं छोटं दुकान होतं, पण आता तिथे संगणक कमी आणि मोबाइलच्या फुटलेल्या काचा जास्त येत. दिवसभर मान खाली घालून बारीक स्क्रू काढायचे आणि परत लावायचे. महिनाभरापासून उजवा खांदा असा धरला होता, की शर्टात हात घालतानाही तो कण्हायचा. तरी मुख्याध्यापक मनोहररावांचा फोन आल्यावर त्याला नाही म्हणवलं नाही. शाळेचा लॅपटॉप बिघडला होता. बावीस वर्षांपूर्वी तो त्यानेच आणून दिला होता, आणि तेव्हाही तो कुणीतरी वापरून टाकलेलाच होता.

ब्रेलची खोली व्हरांड्याच्या टोकाला होती. कूलर नुसताच आवाज करत होता. कोपऱ्यात कागदावर ठिपके उठवणारा जाडजूड प्रिंटर, शेजारी टेबलावर लॅपटॉप, आणि समोर खुर्चीवर गोपिकाताई. पन्नाशीच्या या बाई जन्मापासून आंधळ्या. लहानपणी कुहीकडच्या एका खेड्यातून या शाळेत शिकायला आल्या आणि पुढे इथेच नोकरीला लागल्या. शाळेतलं ब्रेल छपाईचं सगळं काम त्यांच्याकडे होतं. लॅपटॉप त्यांना प्रत्येक बटण, प्रत्येक ओळ बोलून दाखवायचा. सपाट, नाकातला आवाज, पण त्यांना तो पाठ झाला होता.

"आले का भाऊ? पाणी घ्या आधी," त्या म्हणाल्या. "मंग या म्हाताऱ्याले पाहा."

"सर फोनवर बोलले. काय काय बंद आहे याचं?"

"फ्लॉपी घेऊन नाई राहिला. तीन महिने झाले. सीडीही वाचत नाई. पेपर आत टाकाचा कसा?"

मराठीचं ब्रेल करून देणारा प्रोग्राम फक्त याच लॅपटॉपवर चालत होता. तो लिहिणारा माणूस कधीच गावाबाहेर गेला होता आणि दुसऱ्या कुठल्याच मशीनवर तो प्रोग्राम उघडत नव्हता. पेनड्राइव्हची जागा मोडलेली, मागचा एकुलता एक पोर्ट प्रिंटरने अडवलेला. तेव्हापासून एक शिक्षक पेपर मोठ्याने वाचायचे आणि गोपिकाताई शब्द न् शब्द पुन्हा टाइप करायच्या. आता सोमवारपासून वार्षिक परीक्षा होती. पाच वर्गांचे पेपर शाळेच्या ऑफिसातल्या संगणकात तयार पडले होते, या प्रोग्रामला लागणाऱ्या जुन्या फॉन्टमध्ये, आणि तिथून या खोलीपर्यंतची चाळीस पावलं त्यांना ओलांडता येत नव्हती. नव्या मशीनचा अर्ज तीन वर्षांपासून वरच्या ऑफिसात पडून होता.

लॅपटॉपच्या बाजूला कार्ड घालायची एक खाच होती. नागसेनने दुकानातल्या भंगाराच्या पेटीतून तेवढ्यासाठी एक वायरलेस कार्ड शोधून आणलं होतं. वायर लावायचं कार्ड सापडलं असतं तर बरं झालं असतं, पण हेच एक निघालं. अगदी सुरुवातीच्या काळातलं, पत्त्याएवढं, टोकाला काळा फुगवटा. सोबत ऑफिसातल्या संगणकाला जोडायला तितकाच जुना राऊटरही आणला होता, कारण आजचे राऊटर असल्या कार्डाला ओळखही देत नाहीत.

कार्ड आत सरकवलं. लॅपटॉपने टुणकन आवाज केला आणि ड्रायव्हर मागितला. म्हणजे या कार्डाशी कसं बोलायचं, ते शिकवणारा प्रोग्राम. तो लॅपटॉपमध्ये टाकायलाही रस्ता नव्हता. नागसेनने मशीन उलटं केलं, आठ स्क्रू काढले, हार्डडिस्क बाहेर काढली, आपल्या लॅपटॉपला जोडून ड्रायव्हर भरला आणि सगळं परत बसवलं. पेपरही असेच भरता आले असते, पण दर परीक्षेला हे आठ स्क्रू कोण काढणार? कार्डाच्या नावासमोर पिवळं उद्गारचिन्ह आलं. ड्रायव्हर चुकीचा होता. पुन्हा आठ स्क्रू. या वेळी त्या कंपनीचे होते नव्हते तेवढे चार ड्रायव्हर एकदम भरले. चारही वेळा मशीन बंद-चालू केलं, चारही वेळा तेच पिवळं चिन्ह.

पाच वाजता त्याने मुलीला फोन लावला. खुशी मिहानमध्ये एका कंपनीत नोकरीला होती.

"पप्पा, ते मशीन माझ्यापेक्षा म्हातारं आहे," ती म्हणाली. "काहून जीव काढून राहिले? फेकून द्या म्हणा."

"फेकाले दुसरं असाले पायजे न बेटा."

मग ती म्हणाली, "कार्डाच्या मागचा स्टिकर काढून पाहा. एकाच नावाने दोन-तीन वेगळ्या चिपा विकायचे तेव्हा. खाली नंबर असेल, तो पाठवा."

स्टिकर नखाने निघेना, ब्लेड लावावं लागलं. खाली पुसट नंबर होता. तो वाचायला नागसेनला खिडकीशी जावं लागलं, आणि तिथेही चष्मा काढून, घालून, मोबाइलमध्ये फोटो मोठा करून पाहावा लागला. खुशीने रात्री ड्रायव्हर शोधून पाठवला. खरंच, चिप दुसऱ्याच कंपनीची होती.

शनिवारी सकाळी तो परत आला. आठ स्क्रू. डिस्क आत, ड्रायव्हर आत, मशीन चालू. पिवळं चिन्ह गेलं, पण लॅपटॉप मध्येच गोठला. बोलणारा आवाज एकाच अक्षरावर अडकून घरघरत राहिला. बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा तसंच. दोन तास खटपट केल्यावर त्याला कळलं, की वायरलेस कार्ड आणि आवाज काढणारं साउंडकार्ड, दोन्ही लॅपटॉपचं लक्ष वेधायला एकच घंटी वाजवत होती. एक वाजवायचं तेव्हा दुसरं मरायचं. घंटी बदलून द्यायची सगळी ठिकाणं त्याने उघडून पाहिली. बनवणाऱ्याने ती आतच पक्की करून ठेवली होती.

शेवटी त्याने साउंडकार्ड बंद केलं. कार्डावरचा हिरवा दिवा लागला, आणि ऑफिसातली सातवीच्या विज्ञानाची फाइल आठ सेकंदांत या खोलीत आली.

मनोहरराव दारातच उभे होते. "झालं! नागसेनभाऊ, तुमी काम केलं गा!"

गोपिकाताईंनी हात पुढे करून एक बटण दाबलं. मग दुसरं. खोलीत फक्त कूलरचा आवाज.

"मुका झाला का हा?"

नागसेनने त्यांना घंटीचं सगळं सांगितलं. मनोहरराव म्हणाले, "हरकत नाई ताई. आपला क्लार्क बसंन सोमवारी. डोळेवाला माणूस असला म्हंजे आवाजाचं काय काम? तुमी फक्त कागद लावा."

मनोहरराव गेले. नागसेन पिशवी भरू लागला. खांदा ठणकत होता, सकाळपासून पोटात नीट काही गेलं नव्हतं. काम झालं होतं, सांगितलं होतं तेवढं तरी झालं होतं.

"भाऊ," गोपिकाताई म्हणाल्या, "बावीस वर्षं मी एकटी चालवून राहिली हे. एकही पेपर फुटला नाई या खोलीतून. पोट्ट्यायले म्या सांगतलं आहे, का आपल्यातलं माणूस मशीन चालवते. आता मी कागद लावू?"

आवाज चढला नव्हता. त्यांनी लॅपटॉपवरची धूळ हाताने पुसली आणि हात मांडीवर ठेवला.

नागसेन पिशवीची चेन अर्धी लावून तसाच उभा राहिला. त्याला त्या क्षणी त्यांचा रागच आला. मग खुर्ची ओढून तो परत बसला.

"एक चहा सांगा ताई. साखर जास्त."

त्याला आठवलं, की या जुन्या विंडोजमध्ये एकाच मशीनच्या दोन मांडण्या ठेवता येतात. चालू होतानाच ते विचारतं, एक की दोन? त्याने एक नंबरला आवाज चालू, कार्ड बंद ठेवलं. दोन नंबरला कार्ड चालू, आवाज बंद. फाइली आणायच्या तेव्हा दोन, छापायचं तेव्हा एक. पण दोन नंबरच्या मुक्या वेळात बाईंना काही कळणार नव्हतं. म्हणून त्याने चार ओळींचा एक प्रोग्राम लिहिला. कार्ड जोडलं गेलं की तो ऑफिसातल्या एका फोल्डरमधून सगळे पेपर आपोआप ओढून घेई. मशीनच्या पोटात एक बारका स्पीकर असतो, त्याला साउंडकार्ड लागत नाही. पेपर आले तर त्याची एक शिट्टी, नाही आले तर तीन.

"पण तो इचारते कवा, एक का दोन, ते मले कसं समजन?"

"चालू केल्यावर चाळीस मोजा. मंग दोन दाबा अन् एंटर."

पहिल्यांदा त्यांनी चाळीस मोजले आणि घाई झाली. दाबलेलं बटण वाया गेलं. दुसऱ्यांदा पन्नास मोजले, पण मशीन उन्हाने तापलं होतं की काय, आणखीच सावकाश चाललं. नागसेनने कपाळाला हात लावला. दुपारचे तीन वाजले होते. त्याला वाटलं, आता उठावं आणि क्लार्कलाच बोलवावं.

"थांबा, बोलू नका," गोपिकाताई म्हणाल्या. "तो कूलर बंद करा."

त्याने कूलर बंद केला. त्यांनी मशीन चालू केलं आणि डावा तळवा त्याच्या कडेवर, हार्डडिस्क होती तिथे, ठेवला. डिस्क कुरकुरत होती. बाईंनी मान थोडी तिरकी केली होती. कुरकुर एकदम थांबली.

"आता हा वाट पाहून राहिला," त्या म्हणाल्या, आणि दोन दाबून एंटर मारला.

पुन्हा कुरकुर सुरू झाली. खोलीत गरम होऊ लागलं. नागसेनच्या मानेवरून घाम ओघळत होता, पण तो हलला नाही. दोन-अडीच मिनिटं गेली. मग मशीनच्या पोटातून एक बारीक शिट्टी आली.

"एकच न?" त्यांनी विचारलं.

"एकच."

त्यांनी मशीन बंद केलं, परत चालू केलं, कुरकुर थांबताच एक दाबलं. थोड्या वेळाने तो नाकातला आवाज आला आणि फाइलींची नावं म्हणू लागला. त्यांनी सातवीचं विज्ञान निवडून प्रिंटर सुरू केला. प्रिंटर खाडखाड करत कागद पुढे ढकलू लागला. पहिलं पान त्यांनी बोटांनी वाचलं, तिसऱ्या प्रश्नावर थांबल्या आणि हसल्या. "सरायनं मात्रा चुकवली इथं. त्यायचं त्यायले सांगतो."

त्यानंतर त्यांनी सगळं तीनदा करून पाहिलं. एकदा राऊटरची वायर मुद्दाम काढायला लावली. तीन शिट्ट्या आल्या, तेव्हा त्यांचं समाधान झालं. नागसेन निघाला तेव्हा साडेपाच होऊन गेले होते. रविवारी तो दुकानात गेला नाही. दुपारी जेवून झोपला तो संध्याकाळीच उठला.

सोमवारी त्याने फोनची वाट पाहिली. आला नाही. काही बिघडलं असेल, या विचाराने त्याने दोनदा मोबाइल हातात घेतला आणि ठेवून दिला. बिघडलं असतं तर जायचं त्राण नव्हतं. मंगळवारी दुपारी गोपिकाताईंचा फोन आला. मागे प्रिंटरची खाडखाड चालू होती, त्यामुळे त्या जवळजवळ ओरडत होत्या.

"भाऊ, काल फुरसतच नाई भेटली! पाची वर्गाचे कालचे-आजचे पेपर झाले. एकदा तीन शिट्ट्या वाजल्या, मंग ऑफिसात जाऊन पायलं तं क्लार्कनं कंपुटरच बंद करून ठेवला होता. चांगलं झाडलं त्याले."

"अन् मशीन?"

"चालून राहिलं. कवरक चालंन?"

नागसेनच्या हातात कुणाचा तरी उघडलेला मोबाइल होता, काच अर्धी निघालेली. त्याने तो टेबलावर ठेवला.

"सांगता नाई येत ताई," तो म्हणाला. "उनाचं जास्त तापू देऊ नका. डिस्क म्हातारी आहे."

"बरं," त्या म्हणाल्या. "उद्याचा पाचवीचा भूगोल सुरू आहे, ठेवतो मी."

फोन बंद झाला. समोर गिऱ्हाईक उभं होतं, आणखी किती वेळ लागेल विचारत होतं. नागसेनने खांदा एकदा गोल फिरवला आणि काच उचलायला घेतली.