रबरी बाळाचे झटके

"वहिनी, न सांगता कुणी बाळाचा आजार ओळखला, तर हात जोडण्याआधी तो बघतोय कुठे ते बघ," विद्यापीठात डॉक्टरकी शिकणाऱ्या नणंदेनं बजावलं होतं. "आधी पास हो, मग शिकव," म्हणून वहिनीनं ते हसण्यावारी नेलं.

आज त्याच विद्यापीठाच्या रुग्णालयाच्या फाटकाबाहेर ती तान्ह्याला छातीशी धरून गर्दीत उभी होती. नुसत्या नजरेनं आजार ओळखतो म्हणून गाजलेला नजरबाबा बाळांना हातही लावत नव्हता. नुसतं बघायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा: ह्याला कावीळ, हिचं हृदय नाजूक. आया थक्क. तिच्या लेकराची पाळी आली तशी म्हणाला, "झटके येतात. औषध विष आहे, बंद करा. माझं पाणी द्या."

सोबत आलेल्या सासूबाई विरघळल्याच. औषधाची बाटली त्यांनी पिशवीच्या तळाशी घातली आणि पिशवी काखेत दाबली. दुपारच्या औषधाची वेळ झाली होती. बाळाची मूठ जरा हलली तरी तिला झटकाच वाटत होता. भांडून उपयोग नव्हता, म्हणून ती बघत राहिली. बाबा कुठल्याच बाळाच्या तोंडाकडे बघत नव्हता. त्याचे डोळे जात होते मनगटावर. तिथं वॉर्डातून बांधलेली पट्टी: काविळीला पिवळी, हृदयाला लाल, झटक्यांना निळी.

तिनं नणंदेला फोन केला. नणंद आली ती दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊनच. बाहेर फक्त इवलासा हात, त्याला निळी पट्टी.

"कुणाचं गं हे?" सासूबाई पुटपुटल्या. सुनेनं आपलं तान्हं नणंदेकडे दिलं आणि ते बाळ बाबापुढे धरलं.

बाबानं डोळे मिटले. "ह्यालाही झटके. औषधानं रक्त काळं पडलंय. आजच बंद करा."

तिनं दुपटं बाजूला केलं. आत शिकाऊ डॉक्टरांचं सरावाचं रबरी बाळ.

"ह्यानं जन्मात औषधाचा थेंब घेतला नाही, बाबा. बंद काय करू?"

बाबा डगमगला नाही. म्हणाला, पाप्यांची नजर लागली, म्हणून बाळाचं रबर झालं.

सासूबाई पुढे सरकल्या. "मग परत माणसाचं करून द्या. आम्ही थांबतो."

गर्दी खो-खो हसली. बाबाला अचानक ध्यानाची वेळ आठवली. सासूबाईंनी बाटली काढून सुनेच्या हातात दिली. उशीर झाला तरी औषध द्यायचं का, हे नणंद वॉर्डात विचारून आली, आणि बाळानं तोंड वाकडं करत औषध गिळलं.

पट्टीचा रंग कुणालाही दिसतो. औषध कोणतं, किती, कधीपर्यंत, हे मात्र वर्षानुवर्षं शिकावं लागतं, रबराच्या बाळांवर चुकत चुकत, म्हणजे आपल्या बाळांवर चुका होत नाहीत.

तुमच्या शेजारीही एखादी नवी, घाबरलेली आई असेल. आज सहज डोकावा, बाळाला मांडीवर घ्या आणि तेवढं विचारा: औषध चालू आहे ना?