तळं सोन्याचं आणि टेलर गायब

"सोन्याचं झालं! अहो, आपलं तळं सोन्याचं झालं!"

दूधवाला हातभर लांबीचा फोटो डोक्यावर धरून नाचत होता आणि त्याच्यामागे अख्खं गाव काठावर एकमेकांचे पाय तुडवत होतं.

आमचं तळं म्हणजे शेवाळ, प्लास्टिकच्या पिशव्या आणि वर डासांचं संमेलन. पण गावात आलेल्या महाराजांनी काढलेल्या फोटोत तेच पाणी वितळलेल्या सोन्यासारखं झळाळत होतं. पलीकडची बोडकी टेकडी हिरवीगार झाली होती आणि काठावरचे आम्ही पन्नास-साठ जण जणू स्वर्गातून सुट्टीवर आलो होतो.

महाराज आदल्याच दिवशी गाडीतून उतरले होते. गळ्यात माळेऐवजी कॅमेरा. दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना त्यांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं, खटकन बटण दाबलं आणि ‘ध्यानाला’ म्हणून तंबूत शिरले. आतून कसलीशी घरघर येत होती. "यांच्या ध्यानाला आवाज फार," मी शेजाऱ्याला म्हणालो. त्याने डोळे वटारले. अर्ध्या तासाने महाराज फोटो घेऊन बाहेर आले.

"हा डोळा पाण्याच्या पोटातलं पुण्य पाहतो!" ते कॅमेरा उंचावून गरजले. "पाप दिसलं की मिटतो! आणि ज्याचा काळ जवळ आला, तो या चित्रात उतरतच नाही!"

मग काय, जो तो स्वतःला शोधायला लागला.

"हा बघ मी!"

"अहो, माझं टक्कलसुद्धा सोन्याचं!"

त्या हसण्या-खिदळण्यात एकच आवाज वेगळा निघाला. "मी कुठाय?"

आमचा टेलर. माझा चाळीस वर्षांचा दोस्त. ओळीच्या डाव्या टोकाला, विजेच्या खांबाला टेकून, तिरप्या उन्हाला छत्री उघडून उभा होता. फोटोत त्याचा पत्ता नव्हता.

महाराजांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "सात दिवस, बेटा. पण सुटका आहे. तुझी सर्वांत प्रिय वस्तू अर्पण कर, मी तुला चित्रात परत घेईन."

"माझं शिलाई मशीन," टेलर पुटपुटला.

"म्हणजे मी नाही?" वहिनींनी रडता रडताही विचारून घेतलं.

दुकानामागच्या घरी गेल्यावर टेलरने अंथरूण धरलं. गिऱ्हाइकांची न शिवलेली कापडं परत पाठवली. अन्नाला शिवेना. मी म्हटलं, "अरे, ऊठ, चार घास खा." तर छताकडे बघत म्हणाला, "यमाने माप घेतलंय माझं. आता नुसतं शिवायचं बाकी." चौथ्या दिवशी त्याला उठून बसवेना. तेव्हा मी घाबरलो. सात दिवस कशाला, हा पाचव्यालाच आटोपणार!

माझी सून फोटो स्टुडिओ चालवते. लग्नाच्या ऑर्डरवर बाहेरगावी गेलेली, ती त्याच सकाळी परतली. मी दूधवाल्याकडून फोटो मागून आणला, तिच्यापुढे ठेवला आणि खांब-छत्रीसकट सगळी हकीकत सांगितली. तिने दोन क्षण पाहिलं आणि खुर्चीतून घसरेपर्यंत हसली.

"अण्णा, काका टेकले होते तो खांब कुठाय? त्याचाही काळ जवळ आला का? मग मेणबत्त्या आणून ठेवा!"

मी चाटच पडलो. मीसुद्धा चार दिवस त्या फोटोत फक्त माझं तोंड पाहिलं होतं.

लॅपटॉप काखेत मारून ती माझ्यापुढे धावली. टेलरच्या दुकानात पोचलो तर महाराज दारात उभे आणि त्यांचा चेला मशीन उचलत होता. मागच्या खोलीत टेलर पडलेला, दारात गर्दी.

"महाराज," सुनेने फोटोतल्या गवतावर बोट ठेवलं, "ही लांब सावली कोणाची? वर उघडी छत्री दिसतेय. छत्री तर एकट्या काकांकडे होती."

महाराज म्हणाले, "ती... ती त्याच्या पापाची सावली!"

"पापाला ऊन लागत होतं?"

गर्दीतून पहिलं खिदळणं ऐकू आलं.

सुनेने मोबाइलवर गल्लीचा फोटो काढला. पुढे गटार, कडेला महाराज. तो लॅपटॉपवर घेऊन तिने कापड बेतायच्या टेबलावर ठेवला. "हा निळा उतरवला, हा पिवळा चढवला, उजेड थोडा वाढवला."

"गटार सोन्याचं!" दूधवाला ओरडला. तंबूतली ती घरघर प्रिंटरची होती, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं.

"तुझा सदराही बघ. तळ्याच्या फोटोत पांढऱ्याचा पिवळा झालाय. एकट्या पाण्यावर कृपा झाली असती, तर तू पांढराच राहिला असतास. आता ही चौकट बघा." तिने कडा आत ओढली. महाराज गायब.

चेल्याच्या हातून मशीन धपकन खाली आलं. "महाराज! तुम्ही... तुम्ही गेलात! सात दिवस!"

"गप रे गाढवा!" महाराज खेकसले. "नुसतं कापलंय तिने!"

मागच्या खोलीतून टेलरचा क्षीण आवाज आला, "काय म्हणालात? जरा परत म्हणा."

मग जो हशा फुटला! महाराजांची गाडी कधी निघाली ते कोणाला कळलंही नाही. एक बाई सुनेला गळ घालत होती, "मला तेवढी सात दिवस गायब कर गं, नणंद यायचीय." वहिनी ताट घेऊन आत गेल्या. टेलर भिंतीला टेकून बसला, पहिला घास गिळला आणि स्वतःवरच चिडला, "जन्मभर कापड कापतोय मी! कापलेला तुकडा टेबलाखाली पडतो, मरत नाही, एवढं मला कळू नये?"

"काका, फोटो सुंदर करणं हे माझं रोजचं काम," सून म्हणाली. "नको ते कापायचं, रंग खुलवायचा. बघणाऱ्याला बरं वाटतं. पण त्याने तळ्यातली एक पिशवी कमी होत नाही आणि माणसाचा एक दिवसही."

वाचकहो, चमत्काराचं चित्र कोणी पुढे केलं, तर आपलं तोंड शोधण्याआधी त्याच्या कडा तपासा. काय कापलं, काय रंगवलं, मूळ फोटो कुठाय, ते विचारा. उत्तर टाळलं, तर पुन्हा विचारा. माझा दोस्त फोटोमुळे मरत नव्हता, भीतीने जेवण सोडल्यामुळे मरत होता. साठ माणसांत "दाखवा बघू" म्हणणारं एक जरी त्या संध्याकाळी निघालं असतं, तर तो एक रात्रही उपाशी झोपला नसता.