गंगाबाईची कोयती

एलिशेबा नर्स तोंडाची फटकळ. पनवेलच्या सूतिकागृहात डॉक्टरसुद्धा तिला दबकून असत. पण त्या दुपारी खाडीकाठच्या कोळीवाड्यात ती जीभ आवरून बसली होती. शनिवार, म्हणजे खरं तर तिचा शब्बाथ, ज्यूंचा काम न करायचा वार; पण बाळंतपणाला कुठला शनिवार कळतो? एक शब्द वाकडा गेला असता तर गंगाबाईनं तिला बाहेरची वाट दाखवली असती, आणि मग सून मालूचं हे तिसरं मूलही हातचं गेलं असतं.

पहिली दोन अशीच गेली होती. जन्मली तेव्हा चांगली धडधाकट. मग आठवडा सरायच्या आत तोंड मिटलं, दूध सुटलं, अंग लाकडासारखं ताठ झालं. बारसं व्हायचीसुद्धा वेळ आली नाही. कोळीवाडा म्हणाला, सटवाईनंच तसं लिहिलं. एलिशेबाला ठाऊक होतं की तो धनुर्वात. तो कुठून आला तेही समोरच दिसत होतं: भिंतीला टेकवलेली, मासळी कापायची कोयती. घरातल्या सगळ्या नाळा गंगाबाई तिनंच कापत आली होती.

"माझी कात्री उकळून आणलीय," एलिशेबा म्हणाली. "नाळ मी कापते."

"तुजी कात्री तू घेऊन जाशील. ज्यानं नाळ कापली तेच पाचवीला सटवायपुढं पुजतात. पाटावर काय ठेवू मंग, तुजी टोपी?"

कात्री सोडून जाणं शक्य नव्हतं. सूतिकागृहात धड अशी तेवढी एकच होती. आणि मालूच्या कळा या दोघींचा निवाडा व्हायची वाट बघणार नव्हत्या.

"कोयतीच घ्या मग. पण घासून, चुलीवर उकळून."

गंगाबाईनं कुरकुरत कोयती राखेनं घासली, पाण्यात सोडून पातेलं चढवलं. लाकडं नेमकी ओलसर निघाली. घरभर धूर झाला, पाणी आपलं कोमटच. तेवढ्यात बाळ आलं. मुलगा, आणि आल्या आल्या सणसणीत रडला.

"बास झालं पानी." गंगाबाई कोयती काढायला वाकली.

"हात लावू नका. खदखदू दे."

"पोर नालेला तसाच हाय. मरंल तो."

"नाही मरत. मी धरलंय ना त्याला."

बाळाला काही होणार नव्हतं, हे तिला माहीत होतं. धाकधूक होती ती गंगाबाईचा धीर सुटण्याची. बाळ सोडून एलिशेबा चुलीशी उठून जाऊ शकत नव्हती.

गंगाबाईचा हात मात्र पातेल्यावरच थांबला होता.

"बाय, उकळाचं कशाला? हिला काय लागलंय?" मग आवाज उतरला. "ती दोगं माज्या कोयतीनंच खाल्ली का?"

एलिशेबा फटकळ खरी; पण हो म्हणावं तर ही बाई इथंच खचणार. नाही म्हणावं तर कोयती आत्ता बाहेर काढणार.

"आधी पाणी उकळू दे," ती म्हणाली.

गंगाबाई फुंकणी घेऊन बसली ती पाणी चांगलं खदखदेपर्यंत उठली नाही. नाळ कापली गेली. जखमेवर शेण नाही, राख नाही, फक्त स्वच्छ फडकं.

पाचवीला कोयती हळदकुंकू लावून पाटावर बसली. एलिशेबा रोज जीव मुठीत धरून यायची आणि आधी बाळाच्या तोंडात बोट घालून बघायची. बोट चोखलं गेलं की मगच तिला श्वास यायचा.

बारशाच्या सकाळी बाळ मालूच्या पदराखाली चुटूचुटू दूध पीत होतं. एलिशेबाला इतका आनंद झाला की ती गंगाबाईचा हात धरून म्हणाली, "सुटलात हो. आता घोर नाही."

गंगाबाई त्या पिणाऱ्या पोराकडे बघत राहिली.

"म्हंजी व्हय," ती म्हणाली.

"काय हो?"

"तवा कोयतीचं इचारलं होतं, त्येचं उत्तर."

एलिशेबानं तिचा हात सोडला नाही. "तुम्हाला ठाऊक नव्हतं, गंगाबाई."

"मालूला नको सांगू," गंगाबाई हळूच म्हणाली.

मालूला सांगायचं काय राहिलं होतं? त्या दुपारी ती तिथंच तर पडली होती. तिनं बाळाला पदराबाहेर काढलं आणि सासूसमोर येऊन बसली.

"आये, धर याला. मला पानी तापवाचंय."

गंगाबाईनं हात पदराला पुसले. परत पुसले. तरी ते पुढं होईनात. शेवटी मालूनंच बाळ तिच्या मांडीवर ठेवलं.