झाकण घालून येते

मी रांजण बोलतोय. पाण्याचा नव्हे. पाण्याचे रांजण येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलून उथळ झालेले असतात. मी जांगचा रांजण. माझ्या पोटात जे असतं ते मुरायला वर्ष लागतं, म्हणून मी सावकाश बोलतो. तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म कोर्यो देशाच्या, तुम्ही ज्याला कोरिया म्हणता त्याच्या, दक्षिणेला, समुद्रापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर झाला. ओला असताना मला उचलताना कुंभाराचा अंगठा माझ्या पोटात रुतला आणि काठाखाली वीतभर अंतरावर एक खळी पडली. त्यानं स्वतःलाच एक शिवी हासडली, पण खळी काही बुजवली नाही. कोण बघतंय पोटाकडे, म्हणाला आणि मला भट्टीत ढकललं. तेव्हा फार अपमान वाटला होता. आज ती खळी हेच माझं सगळ्यात मौल्यवान धन आहे.

माक्से नावाच्या शेतकऱ्यानं मला पाठीवर बांधून घरी आणलं. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. बायको दाल्ले, अंगानं काटकुळी आणि जिभेनं तिखट. मला पाहून म्हणाली, "हा तर हुबेहूब सासूबाई. पोट पुढं आणि मान आखूड." सासूबाई त्याआधीच्या हिवाळ्यात वारल्या होत्या, म्हणून तिला एवढं बोलता आलं.

पण त्याच सासूबाईंनी मागे ठेवलेलं जुनं जांग दाल्लेनं डोळ्यांत पाणी आणून माझ्यात ओतलं. आमच्याकडे सोयाबीन शिजवून, कुटून, त्याच्या विटा करून हिवाळाभर छपराला टांगतात आणि वसंतात मिठाच्या पाण्यात मुरवतात. त्याचा जो काळा रस होतो, ते जांग. नव्यात थोडं जुनं घालायचं, विरजण घालावं तसं. त्यामुळे घराची चव आजेसासूकडून सासूकडे आणि सासूकडून सुनेकडे चालत येते. दाल्लेच्या घरचं जांग गोडसर होतं, आणि शेवटी जिभेवर जळक्या लाकडासारखं किंचित कडवट लागायचं. गावात तसं दुसरं नव्हतं, हे मी फुशारकीनं नाही सांगत.

जांगचा नियम एकच. ऊन असलं की रांजण उघडा ठेवायचा, ढग आला की झाकण घालायचं. पावसाचं पाणी आत गेलं की जांग नासतं. आणि आमच्याकडे म्हणतात, जांगची चव पालटली की घर बुडालं.

पुढे त्यांना मुलगी झाली. लेकरू दगावू नये म्हणून हलकंसलकं नाव ठेवायची आमच्याकडेही रीत आहे. तुमच्यात दगडू, धोंडी असतात, आमच्यात गेत्तोंग. म्हणजे कुत्र्याची घाण. प्रत्येक गावात चार गेत्तोंग. आमची गेत्तोंग चालायला लागली ती थेट माझ्याकडेच. टाचा उंच करून हात वर करायची, अंगठा माझ्या खळीत रुतवायची आणि त्या आधारानं काठावरून बोट आत घालायची. दाल्ले ओरडायची, बोट चाटून पोर पळायची. खळीत तो इवलासा अंगठा कसा बसायचा, ते मला अजून जाणवतं. कुंभारानं ती खळी तिच्यासाठीच पाडली असावी, असं मला वाटे.

उत्तरेकडच्या मंगोल घोडेस्वारांविषयी लोक पाऊसपाण्याविषयी बोलावं तसं बोलत. यंदा येतील का, भातकापणीआधी येतील की नंतर. राजाचा दरबार तर केव्हाच एका बेटावर जाऊन बसला होता. गेत्तोंग सहा वर्षांची झाली त्या शरद ऋतूत सरकारी माणूस हुकूम घेऊन आला. सगळ्यांनी बेटांवर निघा, पीक मागे ठेवू नका, जमेल ते न्या, उरेल ते जाळा.

माक्से नाव तयार ठेवायला पुढे गेला. दाल्ले लेकीला आणि डोक्यावर तांदळाचं गाठोडं घेऊन गावच्या बायकांबरोबर निघाली. मला नेणं शक्यच नव्हतं. मी उघडाच होतो, सकाळी कडक ऊन होतं ना.

पुढचं मला दाल्लेच्याच तोंडून कळलं. वर्षानुवर्षं माझ्याशेजारी बसून तिनं ते इतक्यांदा सांगितलंय की आता मीच तिथं होतो असं वाटतं. नदीच्या उतारापाशी पोचल्यावर तिनं वर पाहिलं. आभाळ भरून आलं होतं. मागे गाव सुटत होतं, जीव मुठीत धरून माणसं पळत होती आणि तिच्या मनात आलं ते एवढंच, की रांजण उघडा राहिला. तुम्हाला हा वेडेपणा वाटेल. आमच्या कुठल्याही बाईला वाटणार नाही. तिनं लेकीचा हात शेजारणीच्या हातात दिला.

"इथंच थांब," ती म्हणाली. "झाकण घालून येते."

ती धापा टाकत आली तेव्हा पहिला थेंब माझ्या काठावर पडला होता. तिनं झाकण घातलं, वर दगड ठेवला आणि माझ्या पोटावर एक थाप मारली. तेवढ्यात नदीकडून टापांचा आवाज आला. मग बायकांचा.

उतारावर थांबले त्यातलं कुणी तेव्हा परत आलं नाही. म्हाताऱ्यांना तिथंच मारलं, बाकीच्यांना दोरीला बांधून उत्तरेला नेलं. त्या वर्षी आमच्या देशातून किती माणसं अशी नेली, त्याला सुमार नाही. दाल्ले दोन दिवस वेळूच्या बनात पडून राहिली, मग कशीबशी बेटावर माक्सेकडे पोचली. माझ्यामुळे ती वाचली, असं माक्से म्हणायचा. माझ्यामुळे काय गेलं, ते कुणीच बोलायचं नाही.

घोडेस्वार गावातही आले. घरं जाळली. एकानं माझा दगड ढकलून झाकण काढलं, बोट बुडवून चाटलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. तोही कोवळाच होता. त्याला दूध हवं असणार, घरचं. त्यानं झाकण भिरकावून दिलं आणि तो निघून गेला. त्यानंतर पावसाळी वारा सुटला, मग बर्फ आलं, मग बर्फ वितळलं. सगळं माझ्या पोटात. ज्या झाकणापायी एवढं घडलं, ते माझ्या अंगावर दोन दिवसही टिकलं नाही.

वसंतात माक्से एकटाच पुढे परतला. माझ्यात डोकावून तो मटकन खाली बसला. आत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. बेटावर दाल्ले हिवाळाभर एकच वाक्य बोलत होती. पोर परत येईल, तेव्हा तिला माझं तोंड आठवणार नाही, पण जीभ विसरत नाही, ती जांग चाखून घर ओळखेल.

माक्सेनं मला रिकामं केलं, धुतलं, आत पेंढा जाळून शेकलं. मग तो पलीकडच्या सुंदोक नावाच्या विधवेच्या अंगणात गेला. तिच्या घरातलं कुणीच उरलं नव्हतं, पण तिचा रांजण झाकलेला होता. तिचं जांग त्यानं माझ्यात ओतलं आणि माझ्याकडे बघून हात जोडले. जणू मी सांगणारच होतो कुणाला.

दाल्ले आली तशी आधी माझ्याकडे धावली. बोट बुडवून चाटलं.

"खारट लागतंय जरा," ती म्हणाली.

माक्से म्हणाला, "अगं, डोळ्यांतलं पाणी लागतंय तुला."

तिनं ते मान्य केलं. पुढे तह झाला. मग मंगोलांना समुद्रापलीकडच्या लढाईसाठी जहाजं हवी होती, ती बांधायला आमचीच माणसं जुंपली. माक्सेला ओंडके ओढायला नेलं आणि तिथंच तो एका ओंडक्याखाली सापडला. त्याच्याबरोबर त्याचं खोटंही गेलं. आता ते फक्त माझ्या पोटात आहे. दाल्ले दर वसंतात नव्यात जुनं घालत राहिली. सुंदोकची चव तिनं स्वतःच्या सासूची म्हणून जपली.

मग, लेक गेली त्याला चोवीस वर्षं झाल्यावर, एका दुपारी गावचा म्होरक्या एका बाईला घेऊन आला. उत्तरेहून काही बायका सुटून आल्या होत्या, त्यातली ती एक. पायात मंगोलांसारखे जोडे, गाल थंडीनं रापलेले, आमची भाषा बोलताना अडखळायची. नाव विचारलं तर म्हणाली, गेत्तोंग. म्होरक्यानं कपाळाला हात लावला. नदी आठवत होती, ओली दोरी आठवत होती, गाव आठवत नव्हतं. अशी तीन गावं ती फिरून आली होती.

दाल्लेनं वाटीत जांग काढलं.

"चाख. ओळखीचं लागतंय?"

बाईनं डोळे मिटले. मी श्वास घेत असतो तर तो रोखला असता.

"नाही," ती म्हणाली. "आमचं गोडसर होतं. शेवटी जळक्या लाकडासारखं लागायचं. हे निराळं आहे."

अहो, तेच, तेच ते! मी आतून टाहो फोडला. पण मातीचा टाहो कोण ऐकतो?

दाल्लेचा चेहरा विझला. "माझ्या घरची चव एक दिवसही पालटलेली नाही, पोरी," ती हळूच म्हणाली. मग, "नसेल तरी राहा. मला कुणी नाही."

"माझी आईही कुठंतरी वाट बघत असेल," बाई म्हणाली. "मी इथं तुम्हाला आई म्हटलं, तर तिनं काय करायचं?"

दाल्ले वाटेसाठी भात बांधून द्यायला आत गेली. बाई उठायला लागली आणि आधारासाठी तिनं माझ्यावर हात ठेवला. तिचा अंगठा आपणहून खळीत गेला. लहानपणी ती खळी तिच्या डोक्याच्या वर होती, आता कमरेशी. ती थबकली. अंगठा काढला, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा खळीत ठेवला. तेवढ्यात म्होरक्यानं हाक मारली, उशीर होतोय म्हणून. तिनं मान हलवली. मग आभाळाकडे एक नजर टाकली. ढग येत होता. तिनं खाली पडलेलं झाकण उचललं, माझ्यावर नीट बसवलं आणि माझ्या पोटावर एक थाप मारली.

भाताचं गाठोडं घेऊन ती गेली. दाल्ले बाहेर आली, तिनं झाकण पाहिलं.

"गुणाची होती," ती मला म्हणाली. "कुणाची लेक आहे कुणास ठाऊक."

त्याला आता नऊ वर्षं झाली. माझ्या तळाशी एक तडा गेलाय, थेंब थेंब पाझरतो. दाल्लेला नीट दिसत नाही, पण अजून ती ऊन-ढग सांभाळते. कधी वाटतं, घोडेस्वारानं झाकणाऐवजी मलाच फोडलं असतं तर बरं झालं असतं. चाखायला काही उरलं नसतं, मग दोघींनी एकमेकींच्या तोंडाकडे पाहिलं असतं.

तुमची पावलं कधी उत्तरेच्या वाटेला वळली आणि गावोगाव जांग चाखत फिरणारी एखादी बाई भेटली, तर माझा एवढा निरोप द्या. चवीवर जाऊ नकोस म्हणावं. झाकण घालायला गेलेली तुझी आई अजून रांजणापाशीच उभी आहे.