एक काडतूस रिकामं राहिलं

पाचवा बार झालाच नाही. नुसतं ‘फुस्स’ झालं, सायकलच्या टायरमधली हवा जावी तसं, आणि हेंकनं झटकन चापावरचं बोट काढलं.

“स्टॉप!” तो ओरडला. शेजारच्या दोघांनी आपली पिस्तुलं खाली ठेवली.

मी नेमबाजी क्लबात काचेमागे मास्क लावून बसले होते. माझ्या नवऱ्याचा, नीळकंठचा चेहरा मला तिथूनही दिसला. पांढराफटक. रिव्हॉल्व्हर त्याचं होतं आणि काडतुसंही त्यानंच घरी भरलेली होती. “बघू दे तुझी नवी गोळी कशी जाते,” एवढं म्हणून हेंकनं ते हातात घेतलं होतं.

हेंकनं रिव्हॉल्व्हर रिकामं केलं आणि नळीत सळई घातली. ती अर्ध्यातच अडली. शिशाची गोळी आत रुतून बसली होती, कारण त्या काडतुसात दारूच नव्हती, नुसत्या बुडाच्या टोपीनं तिला तेवढंच ढकललं होतं. सहावा बार त्याच्या मागून सुटला असता, तर नळी हेंकच्या हातात फुटली असती.

इथं हॉलंडात, हूफडॉर्पला सगळ्यांच्या घरामागे सायकलींसाठी लाकडी शेड असते. आमच्या सायकली बाहेर पावसात भिजतात आणि शेडमध्ये हा माणूस शिसं वितळवतो! ते साच्यात ओतून गोळ्या पाडायच्या, पितळी नळकांड्यांत दारू मोजून घालायची, वर गोळी दाबून बसवायची. लायसन्स आहे, क्लब आहे, सगळं अगदी रीतसर. तरी मराठी मंडळात मी आपली सांगते, त्याला सुतारकामाची आवड आहे म्हणून. हे सगळं त्याला शिकवलं हेंकनं. भरताना गप्पा नाहीत, फोन नाही. आणि गोळी बसवण्याआधी प्रत्येक नळकांड्यात डोकावून बघायचं. नीळकंठ हे इतकं पाळायचा की चहा घेऊन गेले तरी मला हाकलून द्यायचा.

कोरोनामुळे क्लबचं कॅन्टीन बंद होतं. आम्ही बाहेर बाकांवर बसलो, हेंक पलीकडच्या बाकावर.

“ही कधी भरलीस?” त्यानं इंग्रजीत विचारलं.

“मे महिन्यात.”

“कुणी होतं बरोबर?”

नीळकंठ बुटांकडे बघत म्हणाला, “फोन चालू होता.”

“फोन? तू लावलास?”

“माझ्या आईचे विधी चालले होते, भारतात. जाता येत नव्हतं. बघवेना मला, म्हणून आवाज बंद केला आणि हात कामाला लावले. एकात दारू घालायची राहिली असणार. डोकावून बघितलंच नाही मी.”

हेंक उठला. नीळकंठच्या पाठीवर ठेवायला त्यानं हात पुढे केला आणि मग अंतर राखायचं आठवून मागे घेतला. “उरलेली सगळी खोलून टाक,” एवढंच म्हणून तो आत गेला.

मी मात्र बाकावर थिजले होते. आवाज बंद केला?

आईंचा दहावा मी स्वयंपाकघरात लॅपटॉपवर बघत होते. पुण्याला घाटावर धाकटे दीर उल्हास, गुरुजी आणि आणखी दोघं, बस्स. कठड्यावर कावळे होते, पण पिंडाला एकही शिवेना. उल्हासभावजी हात जोडून म्हणाले, “दादा, तूच बोल. तुझ्यातच जीव अडकलाय तिचा.” स्क्रीनवर नीळकंठची चौकट काळी. पुन्हा हाक मारली, पुन्हा काही नाही. शेवटी मीच सांगितलं, “भावजी, त्याला हुंदका आवरत नाहीये.” भावजी तिथं ढसाढसा रडले. मागे दुसरे लोक खोळंबले होते, म्हणून गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. मी शेडपर्यंत गेलेसुद्धा नव्हते. एकटा रडून घेऊ दे, म्हटलं.

गाडीत बसल्यावर मी म्हणाले, “माझ्या तोंडून खोटं वदवलंस तू.”

“तू मला विचारलं कुठं होतंस, मेधा?”

“वा रे वा! आता मी विचारायचं? लाज वाटते मला तुझी.”

“मलाही,” तो म्हणाला.

मग मी म्हणाले, “भावजींना खरं सांग. ते अजून स्वतःलाच बोल लावतात. आपल्यावरच्या रागानं आई शिवली नाही म्हणतात.”

घरी आल्या आल्या त्यानं फोन लावला. मी स्पीकर चालू करायला लावला. म्हटलं, आता माघार नको.

“उल्हास, त्या दिवशी कावळा...”

“नको रे दादा तो विषय.” भावजींनी त्याला मध्येच तोडलं. “शेवटी हॉस्पिटलात मी तिला एकटं सोडलं. आत घेत नव्हते हे खरं, पण तिला काय माहीत? तू निदान मन भरून रडलास. वहिनींनी सांगितलं ना. मला तर नंतर तेही धड जमलं नाही.”

नीळकंठनं माझ्याकडे बघितलं. मघाशी हेंकला इंग्रजीत सगळं धडाधड सांगून झालं होतं. आता तोंड नुसतंच उघडं. त्याला बोलतं करायला म्हणून मी हात उचलला, पण मलाही धीर होईना. त्या दिवशी खोटं मीच बोलले होते; भावजींना सांगायचं तर दोघांनी मिळूनच सांगावं लागणार होतं.

“तुझ्यावर राग नव्हता रे तिचा,” नीळकंठ कसंबसं म्हणाला.

“कशावरून?” भावजींनी विचारलं. अगदी लहान मुलासारखं, आशेनं विचारलं.

नीळकंठ खाली मान घालून उभा राहिला. मीही.